बर्लिनमध्ये पास, सोलापुरात गैरहजर

प्रति,
माननीय प्राचार्य, परीक्षा नियंत्रक आणि विद्यापरिषदेचे सर्व सदस्य

(महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांच्यासाठी पत्र आहे त्यांना ते पहिल्या ओळीतच कळेल.)

सविनय नमस्कार.

जूनमध्ये माझी गुणपत्रिका हातात आली. सत्र पाच, विषय पाच, आणि पाचही ओळींत एकच शेरा: गैरहजर. कॉलेजच्या गेटवर मात्र त्या दिवशीही मी होते. दहा बाय सहाचा फ्लेक्स, 'आमची विद्यार्थिनी जर्मनीत', शेजारी माझा पासपोर्टवरचा घाबरलेला फोटो आणि खाली आपणा सर्वांची नावं. म्हणजे गेटवर हजर आणि आत गैरहजर.

त्यानंतर मी तीन अर्ज दिले. पहिल्याचं काय झालं माहीत नाही. दुसऱ्याला "वर विचारून सांगतो" असं तोंडी उत्तर मिळालं. तिसऱ्यावर मी आवक क्रमांक मागून घेतला, तेव्हा जुलैच्या अखेरीस एक ओळीचं पत्र आलं: पाचव्या सत्राची परीक्षा न दिल्यामुळे मी पुनर्परीक्षार्थी म्हणून अर्ज भरावा. हा चौथा अर्ज. तो खिडकीतून आत न देता सगळ्यांसमोर मांडतेय, कारण आता प्रश्न माझ्या एकटीचा राहिलेला नाही. तो कसा, ते पुढे येईलच.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि भांडण पेटलं की कन्नडसुद्धा. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, अम्मा विड्या वळते. बर्लिनमधल्या एका विद्यापीठाशी आपल्या कॉलेजचा करार झालाय आणि भूगोलाच्या एका विद्यार्थ्याला एक सत्र तिकडे शिकता येईल, ही सूचना २०२४च्या सुरुवातीला विभागाच्या फलकावर लागली. मी अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. कराराप्रमाणे तिकडे शिकवणीची फी नव्हती. पण जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याखाण्याची सोय आहे हे आधी दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो आहे, आणि ते पैसे तिकडच्या एका गोठवलेल्या खात्यात आगाऊ भरायचे असतात. तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते. शिष्यवृत्ती वजा जाता जे उरलं त्यासाठी अम्माचे दागिने पतसंस्थेत गेले. तिने ते मोजूनसुद्धा पाहिले नाहीत. "तू मोजून ये," म्हणाली. कुणाचं काय मोजून यायचं होतं, हे मला आता कळतंय.

निरोपाच्या कार्यक्रमात, सर, आपण डॉ. कोटणीसांचं उदाहरण दिलंत. सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि तिथल्या जखमींची सेवा करताना १९४२ साली तिथेच वारला. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात आम्ही शाळेपासून जातो. आपण म्हणालात, सोलापूरची माणसं लांब गेली तरी सोलापूर त्यांना विसरत नाही. त्या दिवशी मला भरून आलं होतं. ते वाक्य मी बर्लिनला सोबत नेलं होतं, म्हणून इथे लिहिते.

आता तिकडे मी काय केलं ते सांगते. कारण परीक्षा विभागाच्या मते मी त्या सहा महिन्यांत काहीच केलेलं नाही.

जर्मनीतलं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतात. पहिले दोन आठवडे कागदांत गेले. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची सरकारी नोंदणी, आरोग्य विमा, बँक. सत्र शुल्कातच देशभरच्या लोकल गाड्यांचा पास असतो. स्टेशनात शिरताना फाटक नाही, कुणी तिकीट बघत नाही, आणि अचानक तपासनीस आला आणि तिकीट नसलं तर ६० युरो दंड. रविवारी दुकानं बंद. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत. चार बाटल्यांचा एक युरो होतो, हे मला दुसऱ्याच आठवड्यात पाठ झालं. डिसेंबरात सकाळी आठला उजाडायचं आणि दुपारी चारला मावळायचं. सोलापूरच्या उन्हाला शिव्या घालणारी मी, आणि तिकडे खिडकीत ऊन पडलं की खुर्ची सरकवत त्याच्या मागे जायचे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत भावाने व्हिडिओ कॉलवर नंदीध्वज दाखवले. मागच्या गर्दीच्या आवाजात मला त्याचं बोलणं ऐकू येईना, तरी मी फोन ठेवला नाही.

अभ्यासाचं सांगायचं तर, मी पाच विषय घेतले आणि ३० क्रेडिट पूर्ण केली. त्यातला एक विषय शहराच्या पाण्याचा. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'अभ्यासक्रमाशी सुसंगत नाही' असं आपलं म्हणणं याच विषयाबद्दल आहे.

बर्लिनच्या रस्त्यांवर डोक्याच्या वर, खांबांवरून जाणारे गुलाबी आणि निळे जाडजूड पाइप दिसतात. मला वाटलं गॅसचे असतील. पहिल्याच क्षेत्रभेटीत कळलं, ते पाणी उपसायचे पाइप आहेत. हे शहर हिमयुगातल्या हिमनद्यांच्या वितळपाण्याने आणून टाकलेल्या वाळूवर बसलंय. मध्यभागी भूजल इतकं वर आहे की इमारतीचा पाया खणायला घेतला की पाणी लागतं. ते उपसून कालव्यात सोडून देतात. ज्या गावात चार दिवसांआड नळ येतो त्या गावची मुलगी त्या पाइपांखाली उभी होती. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे काय करतात?" माझ्या तोंडून निघालं, "आम्ही वाट बघतो."

सगळा वर्ग हसला. पण सेमिनारचा विषय मला तिथेच मिळाला. बर्लिनचं पिण्याचं पाणी शहराच्या आतल्या आणि काठावरच्या विहिरींतून येतं. यातल्या पुष्कळ विहिरी नदी-तलावांच्या काठाने खणलेल्या आहेत. नदीचं पाणी वाळूतून झिरपत विहिरीपर्यंत यायला आठवडे, कधी महिने लागतात आणि वाटेत ते गाळलं जातं. आपल्याकडे उजनी धरणाचं पाणी शंभरएक किलोमीटर पाइपने येतं, आणि काही भीमेच्या पात्रात सोडून औज बंधाऱ्यात अडवलं जातं. त्या वाटेवर उन्हाने किती उडतं आणि किती मुरतं, हा आपल्याकडे दर उन्हाळ्यातला वाद. गंमत म्हणजे बर्लिनला वर्षाला साधारण ५७० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यापेक्षा काही फार जास्त नाही. फक्त तो बारा महिने वाटून पडतो, थंड हवेत पडतो आणि वाळूत मुरतो. आपला चार महिन्यांत पडतो आणि खाली काळा बेसॉल्ट खडक. तिकडे लोकांनी पाण्यासाठी मतदानही केलंय. १९९९ साली पाणी कंपनीचा निम्म्याच्या जवळपासचा वाटा खाजगी कंपन्यांना विकला होता. ते गुप्त करार उघड करा म्हणून २०११ साली जनमत घेतलं गेलं, आणि २०१३पर्यंत शहराने तो सगळा वाटा परत विकत घेतला. या सगळ्यावर मी २२ पानांचा निबंध लिहिला. अर्धा बर्लिनवर, अर्धा सोलापूरवर.

आता मला सांगा, सोलापूरच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या अभ्यासक्रमाशी हे सुसंगत नसेल तर काय सुसंगत आहे?

माझ्या तक्रारी अशा.

पहिली गोष्ट, करार. जाण्याआधी एका कागदावर तीन सह्या झाल्या: माझी, तिकडच्या विद्यापीठाची आणि आपल्या कॉलेजची. त्यात पाचही विषयांची नावं आहेत, प्रत्येकाची क्रेडिट आहेत, आणि इथल्या पाचव्या सत्रातले कोणते विषय त्यांच्या बदल्यात धरायचे तेही लिहिलंय. आपला शिक्का आहे. तरी परीक्षा विभाग म्हणतो, असा कागद आमच्याकडे आलेलाच नाही. ज्या मॅडमनी हे सगळं काम मन लावून केलं त्या डिसेंबरात निवृत्त झाल्या. त्यांच्या कपाटातली फाइल विभागातून परीक्षा विभागापर्यंत पोचली नाही. एका जिन्याचं अंतर आहे. माझ्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक नाही, ही माझी चूक मी मान्य करते. तेव्हा मला वाटलं होतं की शिक्का म्हणजे शिक्का.

दुसरी, गुण. माझं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिकडची गुणपत्रिका, खिडकीत दिलं तेव्हा आतल्या काकांनी चष्मा वर केला. "दहापैकी एक पूर्णांक सात? नापास की ओ तुम्ही. आणि मध्ये हा स्वल्पविराम कशाला दिलाय?" मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी असला कागद पहिल्यांदाच पाहिला होता. जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात आणि गुण उलटे चालतात: १,० म्हणजे सर्वोत्तम, ४,० म्हणजे काठावर पास, ५,० म्हणजे नापास. ते आपल्या दहाच्या मापात आणायचं सूत्र आहे. जर्मन विद्यापीठं परदेशी गुण स्वतःच्या मापात बसवायला जे 'बव्हेरियन सूत्र' वापरतात तेच उलटं लावायचं. आपल्याकडे कमाल १० आणि पास ४ धरलं तर १,७ म्हणजे ८.६ होतात, २,० म्हणजे ८, आणि २,३ म्हणजे ७.४. हे मी एका पानावर मांडून अर्जाला जोडलं होतं. ते पान वाचलं गेलं असतं तर एवढं लांब पत्र लिहायची वेळ आली नसती.

तिसरी, क्रेडिट. "त्यांचे ३० आणि आमचे २०, मेळ कसा घालणार?" असं मला बैठकीत विचारलं गेलं. मेळ तासांनी घालायचा. युरोपात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास, वर्षाला ६० क्रेडिट. आपल्या २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तास, वर्षाला ४० क्रेडिट. म्हणजे सत्राला इथे ६०० तास, तिथे किमान ७५०. मी कमी नाही, जास्तच शिकून आले.

चौथी, हजेरी. ७५ टक्के हजेरी नाही म्हणून माझे अंतर्गत गुणही शून्य. त्या तारखांना मी बर्लिनच्या वर्गात होते, याचा त्यांच्या विद्यापीठाचा दाखला आहे. एक मुलगी एकाच वेळी दोन वर्गांत बसू शकत नाही एवढं तरी भूगोल विभागाने सांगायला हवं होतं.

आणि पैसे. पाचव्या सत्राची पूर्ण फी मी इथे भरली. तिच्यात प्रयोगशाळा शुल्क आहे आणि परीक्षा शुल्कही आहे. ज्या परीक्षेला मी बसणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं तिचं शुल्क घेतलं, तिला गैरहजर दाखवलं, आणि आता त्याच परीक्षेचं शुल्क पुन्हा मागितलं जातंय. यावर मी जास्त काही लिहीत नाही.

वेळापत्रकाचा मुद्दाही निघाला. आपलं पाचवं सत्र जुलै ते नोव्हेंबर, त्यांचं ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मी आले तेव्हा इथलं सहावं सत्र अर्धं झालं होतं. पण हा पेच काही माझ्यामुळे आकाशातून पडला नाही. करार करताना दोन्हीकडची वेळापत्रकं टेबलावर होती. तेव्हा ठरलं होतं की पाचवं बर्लिनचं धरू, सहाव्यात येऊन मिळ. मी मिळाले. मार्च ते मे मैत्रिणींच्या वह्यांवरून अभ्यास केला, परीक्षा दिली, सहाव्या सत्रात पास झाले. पाचव्यात गैरहजर आणि सहाव्यात पास, अशी ही पदवी सध्या अधांतरी आहे. पुण्यात एम.एस्सी.ला मिळालेली जागा पदवीच्या कागदाअभावी गेली. पतसंस्थेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला जातोच.

"नियमात बसत नाही" हे वाक्य मी या दोन महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं की नियम वाचूनच काढले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की परदेशी विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट, संस्थेच्या गरजेप्रमाणे योग्य असतील तिथे, पदवीसाठी धरता येतील. निर्णय संस्थेवर सोपवलाय. आपण स्वायत्त आहोत. अभ्यासमंडळ आपलं, विद्यापरिषद आपली, परीक्षा आपलीच. तेव्हा वरून कुणी अडवत नाहीये. अडलंय ते आपल्याच जिन्यात.

बर्लिनच्या दालेम भागात एक जुनी इमारत आहे. इरावती कर्वे १९२८ साली जर्मनीला गेल्या तेव्हा त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम केलं. कवट्या मोजायचं काम. त्यांच्या मार्गदर्शकाला वंशाची श्रेष्ठता त्या मापांतून निघेल अशी खात्री होती. बाईंच्या मापांतून तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. त्यांना पदवी मिळाली. मी एका दुपारी त्या इमारतीसमोर जाऊन आले होते. त्या मार्गदर्शकाबद्दल चांगलं बोलावं असं फार काही नाही. पण नावडतं माप आलं म्हणून मोजलंच नाही, असं तिथेही कुणी म्हणालं नव्हतं.

आता प्रश्न माझ्या एकटीचा कसा नाही ते. या वर्षी आपण आणखी दोघांची निवड केलीत. त्यातल्या एकीचे वडील परवा माझ्या वडिलांना भेटायला कारखान्याच्या दाराशी आले. पाळी सुटेपर्यंत उभे होते. विचारत होते, "नक्की काय होतं ओ? वर्ष जातं का?" माझ्या वडिलांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "पोरगी शहाणी होऊन येते. वर्षाचं कॉलेजला विचारा." दुसऱ्या दिवशी त्या मुलीने नाव मागे घेतलं. हुशार मुलगी आहे, माझ्यापेक्षा चांगलं जर्मन शिकली होती. दुसरा मुलगा अजून ठरवतोय.

म्हणून मागण्या, साध्या आहेत.

करारात लिहिलेल्या पाच विषयांची क्रेडिट माझ्या पाचव्या सत्रात धरा, गुण लिखित सूत्राने बदला आणि 'गैरहजर' काढून सुधारित गुणपत्रिका द्या. विद्यापरिषदेची खास बैठक लागत असेल तर बोलवा. मी बाहेर बाकावर बसून राहीन, मला सवय आहे. दुसऱ्यांदा मागितलेलं परीक्षा शुल्क रद्द करा आणि पहिल्यांदा घेतलेलं परत करा.

पुढच्या मुलांसाठी: कुणाला पाठवण्याआधी कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता विषय, याचा तक्ता विद्यापरिषदेत मंजूर करून फलकावर लावा. गुणांच्या रूपांतराचं कोष्टक त्याच कागदावर असू द्या. सह्या झालेल्या कराराची एक प्रत विद्यार्थी निघण्याआधी परीक्षा विभागात जमा करून आवक क्रमांक विद्यार्थ्याच्या हातात द्या. या कामाला एक माणूस नेमा, आणि तो निवृत्त होत असेल तर फाइल कुणाकडे जाणार हे आधी लिहून ठेवा. हे जमणार नसेल तर तेही स्पष्ट सांगा. मग माहितीपुस्तिकेतलं 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' हे पान काढून टाका, म्हणजे कुणाची अम्मा दागिने घेऊन पतसंस्थेत जाणार नाही.

उत्तर लेखी हवं आणि पंधरा दिवसांत हवं. पुनर्परीक्षार्थीचा अर्ज भरायची मुदत त्यानंतर दोन दिवसांनी संपते. तो कोरा अर्ज माझ्या टेबलावर आहे. मी तो भरलेला नाही.

आपली विद्यार्थिनी,
बी.एस्सी. भूगोल, तृतीय वर्ष (सत्र पाच: बर्लिन)
सोलापूर, ऑगस्ट २०२५

ता.क. गेटवरच्या फ्लेक्सवर माझ्या मागे जो मनोरा छापलाय तो आयफेल टॉवर आहे. तो पॅरिसमध्ये असतो. भूगोल विभागाच्या फ्लेक्सवर तो राहू नये असं मला वाटतं. फ्लेक्स ठेवायचाच असेल तर निदान तेवढं बदलून घ्यावं.